एकोणीस जानेवारीचं काळीज

१२ जानेवारी

सेफ्टीच्या साहेबाने आज प्रत्येकाला एक वही वाटली. रोज काय काम केलं आणि काय चुकता चुकता राहिलं ते लिहायचं, महिनाअखेरीला तो बघणार. बाकीच्यांनी वह्या गादीखाली सारल्या. मी लिहितोय, कारण या परक्या देशात संध्याकाळी करण्यासारखं काही नाही आणि साहेबाला आपलं अक्षर वाचता येत नाही. सहावीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, तुझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून नाचली. आता बघा म्हणावं, कंपनी स्वतःहून वही देते.

काम सांगायचं तर तेलाच्या टाक्या आतून धुणं. टाकी चार मजली इमारतीएवढी आणि तिच्या पोटाला भोक एवढंसं, की खांदे आवळून आत शिरावं लागतं. एक आत, एक बाहेर, अशी जोडी. आतल्याच्या कमरेला दोर, दुसरं टोक बाहेरच्याच्या हातात. बाहेरचा मधून मधून एक हिसका देतो, म्हणजे ठीक आहेस का. आतल्याने उलट एक दिला म्हणजे ठीक. तीन म्हणजे ओढ मला. भोकाशेजारी पाटी असते. आत जाताना आपलं कार्ड तिच्यावर टांगायचं, बाहेर आल्यावर काढायचं. दोन तासांच्या वर कुणी आत राहायचं नाही.

हे झालं बोर्डावर लिहिलेलं. खरं म्हणजे दोन तास मी माझ्या कार्डावर आत असतो आणि पुढचे दोन दादाच्या. दोन्ही कार्डं पाटीवर फिरलेली दिसली की मुकादम खूश. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, पण तोंडावळा एकच, आणि कार्डावरच्या फोटोत दोघांचं फक्त हेल्मेट नीट आलंय.

दादाला दोन महिने दम लागतोय. शिडीच्या चार पायऱ्या चढला की थांबतो आणि लांब बघतो, जणू काही बघण्यासारखं आहे तिथे. पुढच्या आठवड्यात वर्षाची तपासणी. नापास झाला तर तो घरी आणि मी जोडीविना अंगणात पिंपं घासायला. एप्रिलमध्ये जहाजांच्या टाक्यांवर टोळी जाणार आहे, त्यात फक्त जोड्या घेणार. मला जायचंय. बेकरी सोडली, टायरचं दुकान सोडलं, रंगकाम सोडलं, हे एकच काम आहे ज्यात माझे पाय टिकलेत.

दादा म्हणत होता, एकदा दाखवून तरी बघू, काय म्हणतात ते. मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला? तुझ्या कार्डावर टाकीत जातो तसा यंत्राखाली जाईन. तो काही बोलला नाही. म्हणजे कबूल.

१९ जानेवारी

काम फत्ते.

बावीस जणांना बसने दवाखान्यात नेलं. तिथे नंबराने बोलावतात, आमची नावं त्यांच्या तोंडात मावत नाहीत. वजन, उंची, रक्त दादाने स्वतःचं दिलं. छातीच्या सोनोग्राफीला आधी मी माझ्या नंबरावर गेलो. खोली अंधारी, छातीवर गार चिकट काहीतरी लावतात आणि पडद्यावर काळंपांढरं उघडझाप करतं. बाहेर येऊन संडासात दादाशी शर्ट बदलला. जेवणाच्या सुट्टीनंतर यंत्रावर दुसरी बाई बसली तेव्हा त्याचा नंबर घेऊन परत आत. या बाईने पडद्याकडे बघून अंगठा वर केला. पलीकडचा डॉक्टर हसला आणि बोटांनी नव्वद दाखवले. नव्वदीपर्यंत चालेल म्हणे.

दोघांचे कागद हातात मिळाले, प्रत्येकावर काळजाचा फोटो. माझा पेटीत टाकला. दादा बसमध्ये त्याच्या नावाचा फोटो गुडघ्यावर ठेवून बराच वेळ बघत होता. "हे तुझं होय," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, आता तुझं, सांभाळून वापर.

रक्त थोडं कमी आलं त्याचं. लोहाच्या गोळ्या दिल्यात.

२३ जानेवारी

आईचा फोन. दादासाठी बघितलेल्या मुलीचा बाप कंपाउंडर आहे आणि त्याच्या थोरल्या मुलीला फसवून फिट येणारा नवरा दिलेला. तो आता ताकही फुंकून पितोय. मुलाचा तपासणीचा कागद दाखवा म्हणाला. मी त्याच वेळी दादाच्या फोनवरून फोटो पाठवून दिला. दादा म्हणत होता, थांब जरा. मी म्हटलं, कशाला थांबायचं, कंपनीचा शिक्का आहे त्यावर.

८ फेब्रुवारी

जमलं. कंपाउंडर म्हणे फोटोची प्रिंट उजेडाकडे धरून बघत होता आणि म्हणाला, असं हृदय मी वीस वर्षांत पाहिलं नाही. आईने तो फोटो मोठा करून घेतला आणि काचेत घालून भिंतीला लावला. आल्यागेल्याला दाखवते, हे माझ्या थोरल्याचं काळीज. लोक देवाचे लावतात, नवराबायकोचे लावतात, हिने हे लावलं.

दादा रोज पावणेसहाला मुलीशी फोनवर बोलतो. मी शेजारी बसलो की उठून जातो. चाळिशीतल्या हवालदाराची मिशी आणि सतराव्या वर्षाची लाज.

२ मार्च

नवरदेव सुस्तावलाय. दोन उशा घेऊन निजतो, पायाला सूज आहे म्हणून बुटाची नाडी सोडून चालतो, दोन घासांत पोट भरलं म्हणतो. गळ्याची शीर एखाद्या पालीच्या गळ्यासारखी उडते. मी चेष्टेने म्हटलं, लग्न तुझं आणि सगळे डोहाळे आत्ताच. तो हसला, पण हसताना भिंत धरली.

आत अजून मीच जातो, दोन्ही कार्डांवर. तो दोर धरून डब्यावर बसतो. काम अडत नाही.

११ मार्च

हे साहेबाने वाचलं तरी चालेल.

आज आत होतो. गाळ गुडघाभर. बराच वेळ झाला, हिसका येईना. मी एक दिला, उत्तर नाही. परत दिला. दोर ओढून बघितला तर तो सैल आत यायला लागला, सगळाच्या सगळा, आणि त्याचं टोक माझ्या हातात आलं. टाकीत उभं राहून दोराचं टोक हातात येणं काय असतं ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. मी चाचपडत भोकाकडे गेलो. मनात दादाला शिव्या देत होतो, फोनवर असणार म्हणून.

तो डब्याशेजारी आडवा पडला होता. तोंड चुन्यासारखं. पाटीवर त्याचं कार्ड, म्हणजे कागदोपत्री तो आत आणि मी बाहेर.

घड्याळ धावत आला. आधी त्याने कार्डं बदलली, मग पाणी मारलं.

गाडीत दादा म्हणाला, पंधरा दिवस झाले, संडासला डांबरासारखं काळं होतंय. मी म्हटलं, मेल्या, सांगितलं का नाहीस. तर म्हणे, लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं असं पाकिटावरच्या चित्रात दाखवलंय.

१४ मार्च

मोठं इस्पितळ. तीन बाटल्या रक्त चढवलं. पोटाची डॉक्टरीणबाई आहे, बारीक, केस कापलेले, पेन कायम तोंडात. तिचं बोलणं आम्हाला कळत नाही आणि आमचं तिला नाही, पण वॉर्डात एक नर्स आपल्या भाषेतली निघाली. तिला ताई म्हटलं तर म्हणाली, इथे तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी ताई म्हणतंय, बहुतेक जण शुक शुक करतात.

तोंडातून नळी घालून पोट बघितलं, मग खालून. काही सापडलं नाही. अंगदुखीच्या गोळ्यांनी आतडं सोललं असेल असं म्हणतात. मी आईला सांगितलं, उष्णता झालीय. तिने विचारलं, काळीज तर ठीक आहे ना? मी म्हटलं, ते तू रोज बघतेसच.

१९ मार्च

दादाला कॅमेरा गिळायला लावला. गोळीएवढा, आत दिवा असतो, आतडंभर फिरत फोटो काढतो. गिळताना दादा ताईला म्हणाला, माणूस आत सोडला, पण दोर कुणाच्या हातात? ताईला विनोद समजावून सांगावा लागला. मग तिने तो डॉक्टरीणबाईला सांगितला आणि बाई हसली. सगळा वॉर्ड आता दादाला टाकीवाला म्हणतो.

कॅमेऱ्याला लहान आतड्यात तीन जांभळ्या गाठी दिसल्या. रक्त तिथूनच.

२८ मार्च

ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काढलं. भूल देणाऱ्या डॉक्टरने आधी फाइल उघडून तो कागद बघितला, एकोणीस जानेवारीचा, आणि मान डोलावली. सही झाली, गाडी आत गेली. मला बरं वाटलं. नाहीतर परत तपासण्या आणि परत आठवडाभर ताटकळणं. आपला कागद कामी आला.

६ एप्रिल

कॅन्सर आहे.

ताईने खुर्ची दिली आणि सांगितलं. आतड्यातल्या गाठी आतड्याच्या नाहीत. रक्तवाहिन्यांचं जे अस्तर असतं त्याच्या पेशी आहेत त्या. दुसरीकडे कुठेतरी मूळ आहे आणि तिथून रक्ताबरोबर आतड्यात येऊन रुजल्यात. मूळ कुठे ते शोधतायत. डोक्याची कातडी केस भादरून तपासली, यकृत बघितलं, पायांची बोटं सुद्धा सोडली नाहीत. डॉक्टरीणबाईने विचारलं, दम लागतो का? दादा म्हणाला, नाही. कधीच नाही? कधीच नाही. मी पण मान हलवली. इतक्या दिवसांचं तोंडात बसलेलं उत्तर.

जहाजांची टोळी काल गेली. माझ्या जागी दुसरीच जोडी.

१० एप्रिल

ताई आज चहा पीत होती. मी म्हटलं, सापडलं का गाठीचं घर? म्हणाली, नाही रे. बाई रात्रंदिवस पुस्तकं वाचते. तिला एका पुस्तकात सापडलं की असली गाठ कधी कधी हृदयातच उगवते, लाखात एखाद्याच्या, उजव्या कप्प्यात, आणि मग फुप्फुसात, हाडात जाते, अगदी क्वचित आतड्यात. पोटाच्या फोटोत वरच्या कडेला हृदयाचा तळ दिसतो, तिथे थोडं पाणी पण दिसलं तिला. "पण तुझ्या भावाचं हृदय जानेवारीत बघितलेलं आहे ना," ताई म्हणाली. "एकदम स्वच्छ. नशीब म्हणायचं, ते तरी नाही. ते पाणी, रक्त कमी झाल्यामुळे असेल म्हणते. आता ती थायरॉइडच्या मागे लागलीय."

मी बिस्किट चहात बुडवलं होतं. ते तुटून खाली बसलं.

११ एप्रिल

दादाला सांगितलं. तो खिडकीकडे बघत होता. म्हणाला, "गप बस." मग म्हणाला, हे बाहेर पडलं तर कंपनी दोघांनाही हाकलेल, आणि कंपाउंडर एक तासात नारळ देईल. आतडं कापलंय, बाकीच्या गाठीही काढतील आता. आधी इथून सुटू, मग बघू. माझ्या गळ्याची शपथ घे.

मी त्याच्या गळ्याला हात लावला. शीर उडत होती, बोटाला लागली.

१५ एप्रिल

गप्प आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, फक्त तोंड दाबणारा हातही माझाच.

मी खरं लिहितो, कारण हे कुणी वाचणार नाही. मी दादाच्या शपथेसाठी गप्प नाही. शपथा मी शाळेत असल्यापासून मोडत आलोय. मला माझं कार्ड दिसतं. सप्टेंबरमध्ये जहाजांवर दुसरी टोळी जाणार आहे.

बाईने आज थायरॉइडमध्ये सुई घातली. काही नाही. दादा ओरडला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

२१ एप्रिल

आज सांगितलं.

सकाळी दादाला बसता येईना इतका दम लागला. आमचं बोलणं बाईला पोचवणारी ताई रजेवर. त्याने माझा हात धरला आणि मला वाटलं आता तो सांगेल, जा, सांग. पण तो म्हणाला, पावणेसहाला फोन लावून दे.

मी फाइल उचलली आणि डॉक्टरीणबाईच्या खोलीत गेलो. भाषा नाही. फाइल उघडली, एकोणीस जानेवारीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि मग माझ्या छातीवर मारलं. बाई उठली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे भरून आले तिचे. तिला वाटलं मी म्हणतोय, भावासाठी माझं काळीज तुटतंय. मी मान हलवली, नाही, नाही, आणि परत फोटोवर बोट, परत छातीवर. तिने मला पाणी दिलं. मी पाणी प्यायलो. काय करणार.

मग दोघांची कार्डं आठवली. दादाचं माझ्याच खिशात होतं. दोन्ही तिच्या टेबलावर ठेवली, माझं इकडे, दादाचं तिकडे. मग हळूच सरकवून अदलाबदल केली. फोटोवर दादाचं कार्ड ठेवलं, ते उचललं आणि त्या जागी माझं ठेवलं. शर्टाची बटणं काढून छाती दाखवली.

ती माझ्याकडे बघतच राहिली. पेन तोंडातून खाली पडलं. ती ओरडली नाही. टेबलावरून कागद एकीकडे केले, आणि फोनवर दोन शब्द बोलली. दहा मिनिटांत दादाला गाडीवरून अंधाऱ्या खोलीत नेलं. जाताना त्याने मला बघितलं. माझ्या शर्टाची बटणं अजून उघडी होती, त्यावरून त्याला कळलं.

मला आत येऊ दिलं. तोच पडदा, तेच काळंपांढरं. पण माझं उघडमिट करायचं तसं ते करत नव्हतं. उजव्या कप्प्यात अंड्याएवढं काहीतरी बसलं होतं आणि प्रत्येक ठोक्याला दारात येऊन परत जात होतं, जसा एखादा पाहुणा निघतो निघतो म्हणतो आणि निघत नाही.

२२ एप्रिल

ताई आली. मी तिला म्हटलं, बाईंना विचारा, जानेवारीत कळलं असतं तर? ताई म्हणाली, नको विचारू. मी म्हटलं, विचारा.

बाई बरंच बोलली. ताईने सांगितलं, "ती म्हणते, जानेवारीत गाठ बहुतेक एकाच जागी असेल." मग पुढेही काही सांगितलं, की एका जागी असली तरी ही गाठ सोडत नाही, काढली तरी बहुतेकांना वर्ष मिळतं, फार तर दोन, खात्री कुणी देऊ शकत नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. पुढचं सगळं मी ऐकलं. पण लक्षात पहिलंच वाक्य आहे.

२६ एप्रिल

आज घड्याळ आला. फळं आणली. बाहेर नेऊन म्हणाला, शहाण्या, तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? बाकीच्या वीसच्या वीस जणांची परत तपासणी झाली, फोटो जुळवून, बोटांचे ठसे घेऊन. तीन जोड्या मोडल्या. प्रत्येकीतला एक जण दुसऱ्याच्या छातीवर पास झालेला. आता ते खोलीत तुझ्या नावाने बोटं मोडतायत. मी म्हटलं, तुम्हाला तर सगळं माहीत होतं. तो म्हणाला, मला फक्त वेळ माहीत असते.

माझं कार्ड काढून घेतलं. मी त्याला म्हटलं की दादानेच गळ घातली होती, माझ्या जागी तू जा म्हणून, मोठ्या भावाला नाही कसं म्हणायचं. तो म्हणाला, असं होय. मलाही ते बोलताना खरंच वाटलं.

२८ एप्रिल

दादा चार दिवस बोलला नाही. आज औषधाची बाटली लावताना म्हणाला, "कंपाउंडरचा फोन आला होता."

कुठून कळलं कोण जाणे. तो म्हणाला म्हणे, मी वीस वर्षं दवाखान्यात काढली आणि माझ्या डोळ्यांत धूळ टाकलीत, तुमचं घराणंच बदमाश. मुलीने एक शब्द बोलायला मागितला तर फोन काढून घेतला. दादा ऐकून घेत होता.

मी म्हटलं, मी सांगितलं नसतं तर. तो म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून नाही रागावलो. तुला सांगायला दहा दिवस लागले, त्या दहा दिवसांत मी रोज वाट बघत होतो."

शपथ त्यानेच घातली होती. मी तसं म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "आणि तू ऐकलीस. आयुष्यात पहिल्यांदा."

३ मे

आज मागची पानं उलटून बघितली. बारा जानेवारी काढलं. तिथे माझ्याच कोंबडीच्या पायांनी लिहिलंय, दादा म्हणत होता एकदा दाखवून बघू.

मी हे विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. घड्याळाला सांगितलं ते खोटं सांगतोय असं मला वाटलंच नव्हतं. पान फाडावं म्हटलं, पण या वहीची पानं जोडीने शिवलेली आहेत. एक फाडलं की पलीकडचं सुटतं.

१९ मे

औषध बंद केलं. पोटातून परत रक्त जातंय, फुप्फुसातही दिसलंय. आता फक्त दुखू नये एवढंच बघतात. विमानाने नेण्यासारखा नाही. आईला पासपोर्ट नाही. फोनवर ती म्हणते, पोटाचं काय घेऊन बसलात, पोट बरं होतं, माणूस काळजावर उभा असतो. त्याला सांग, तुझं काळीज खणखणीत आहे, मी रोज बघते. मी दादाला सांगितलं. दादाने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत हसला. "तिला सांगू नकोस," म्हणाला. "तेवढं तरी राहू दे."

३० मे

आता बोलत नाही. मी चादरीचं एक टोक धरतो आणि एक हिसका देतो. तो थोड्या वेळाने एक देतो.

ताई विचारत होती, हे काय करता? मी म्हटलं, काही नाही, ड्युटी.

२ जून

दुपारी तीनला तीन हिसके दिले त्याने. एक, दोन, तीन, अगदी शिकवल्यासारखे.

मी चादर धरून बसलो होतो.

२७ जून

घरी येऊन तीन आठवडे झाले. पेटीतली वही आज काढली.

बारीक लाकडी चौकट, काच, आणि आत माझं काळीज. खाली दादाचं नाव, दादाचा नंबर, एकोणीस जानेवारी. आई सकाळी उठली की पदराने काच पुसते आणि त्यावर तळवा ठेवून उभी राहते. भेटायला येणाऱ्याला सांगते, पोटाने घात केला हो, काळीज शेवटपर्यंत साथ देत होतं, बघा, डॉक्टर नव्वद वर्षं म्हणाला होता. परवा गल्लीत कंपाउंडर दिसला आणि तिने त्याला हाक मारून ऐकवलं, की माझ्या पोराचा कागद खोटा म्हणतोस, यंत्राला खोटं बोलता येतं का? तो माझ्याकडे बघत होता. मी चपलेचा अंगठा नीट करत बसलो. मग तो मान खाली घालून पुढे गेला. फसवला गेलेला माणूस, आणि त्याला माझ्या आईची दया आली.

मी डॉक्टरणीला सांगितलं, ताईला सांगितलं, मुकादमाला सांगितलं, अर्धं का होईना. एका बाईला सांगायचं राहिलं. रोज सकाळी ठरवतो. ती काचेवर हात ठेवते तेव्हा माझ्या इथे छातीत काहीतरी दबतं, आणि मी पाणी भरायला निघून जातो.

शेजारच्याने दुसऱ्या देशातलं काम सुचवलंय, तिथेही टाक्याच. तिथेही तपासणी आहे. आईजवळ मी ते बोलायला नको होतं. ती लगेच म्हणाली, जा तू, पण या वेळी तुझाही फोटो काढून आण. एकाच पोटात दोन्ही घडली माझ्या, शेजारी शेजारी बघायची आहेत मला. एकसारखी आहेत का वेगळी, आईला कळतं ते.

मी म्हटलं, त्यात काय बघायचं, सगळ्यांची सारखीच असतात.

"असं कसं," ती म्हणाली. "तुझं उडाणटप्पू असणार."

माझा फोटो पेटीत आहे, या वहीच्या खाली. तीच तारीख, तेच काळीज, फक्त नाव माझं. तिला तो मी देणार नाही. पण आज संध्याकाळी बाहेरून आलो तर ती स्टुलावर चढली होती आणि हातात हातोडी. चौकटीच्या उजव्या बाजूला, वीतभर अंतर सोडून, तिने दुसरा खिळा ठोकून ठेवलाय.